कॅनन आर८ की सोनी ए७-३: लग्नाच्या ऑर्डरसाठी कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न मी असा समजलो आहे. गेली चार वर्षे तुम्ही सोलापुरात दुसऱ्या छायाचित्रकारांच्या हाताखाली लग्ने टिपत आहात आणि येत्या तुळशीच्या लग्नानंतर स्वतःच्या नावाने ऑर्डर घ्यायच्या आहेत. घरात कॅनन ८०डी, त्याच्याबरोबर आलेली १८-१३५ लेन्स, ५० मिमी एफ १.८ आणि ८५ मिमी एफ १.८ एवढी सामग्री आहे. हाताशी दोन लाख रुपये आहेत. कॅनन ईओएस आर८ आणि सोनी ए७-३, म्हणजे आपण सारे ज्याला ‘ए सेव्हन थ्री’ म्हणतो तो, या दोन मिररलेस (आत आरसा नसलेल्या) बॉडींपैकी, म्हणजे लेन्सशिवायच्या नुसत्या कॅमेऱ्यांपैकी, कोणती चांगली, हे तुम्हाला हवे आहे. जाता जाता दिवाळीच्या ऑफरपर्यंत थांबावे का, हेही तुम्ही विचारले आहे.

उत्तराआधी माझी बाजू सांगतो. मी २००३ पासून या धंद्यात आहे, २०१९ पासून ए७-३ वर काम करतो आणि माझ्याबरोबर ऑर्डरला येणारा माझा भाचा गेले दोन सीझन आर८ वापरतो. त्यामुळे हे दोन्ही कॅमेरे एकाच मांडवात, एकाच उजेडात, एकाच नवरा-नवरीवर चालताना मी पाहिले आहेत आणि रात्री दोघांच्या फाइली एकाच संगणकावर उघडल्या आहेत. तरीही माझा हात सोनीला सरावलेला आहे. पुढचे वाचताना तेवढे वजा करून वाचा.

दोन बॉडींची तुलना करून तुमचा प्रश्न सुटणार नाही, असे माझे मत आहे. मुहूर्ताच्या दिवशी तुमच्या खांद्यावर जी बॅग असेल, ती पूर्ण बॅग एका बाजूला आणि दुसरी पूर्ण बॅग दुसऱ्या बाजूला ठेवून पाहिली पाहिजे. त्यातही तीन गोष्टी तुमच्या प्रश्नात आलेल्या नाहीत आणि उत्तर त्यांच्यावरच फिरते: ८०डी तुम्ही ठेवणार की विकून ते पैसे नव्या बॉडीत घालणार, ऑर्डरला तुम्ही एकटे जाणार की हाताखाली कोणी असणार, आणि पार्टी तुमच्याकडून केवळ फोटो मागणार की रीलही मागणार. या तिन्ही शक्यता मनात धरून लिहितो.

आधी जिथे फरक नाही ते सांगून मोकळा होतो. दोन्ही कॅमेऱ्यांचा सेन्सर फुल फ्रेम (जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा मोठा) आणि २४.२ मेगापिक्सेलचा आहे, म्हणजे फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा येतो. आपल्याकडे चालणाऱ्या १२ बाय ३६ इंचांच्या अल्बमचे एक पान १२ बाय १८ इंचांचे असते आणि ३०० डीपीआयने त्याला ५४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. तेवढे दोन्हींत आहेत आणि थोडे कापायलाही उरतात. ए७-३ हा २०१८ चा आणि आर८ हा २०२३ चा कॅमेरा असला, तरी छापलेल्या पानावर बोट ठेवून हा फोटो कोणत्या कॅमेऱ्याचा, हे मला ओळखता येत नाही. आयएसओ, म्हणजे कमी उजेडासाठी वाढवायची सेन्सरची संवेदनक्षमता, ६४०० पर्यंत दोन्ही निर्धास्त वापरावेत. हळदीचा पिवळा रंग आणि हळद लागलेली कातडी सोनीत जरा हिरवटपणाकडे जाते, असे मला वाटते. पण रॉ फाइलवर (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलवर) काम करणाऱ्याला तेवढे दोन मिनिटांत सावरता येते. रंगाच्या मुद्द्यावर कॅमेरा ठरवू नका.

फोकसमध्ये मात्र पाच वर्षांचे अंतर दिसते, आणि ते कुठे दिसते हे समजून घेण्यासारखे आहे. आपल्या शहरातल्या पद्मशाली घरातले लग्न डोळ्यांसमोर आणा. नवरा-नवरीमध्ये पडदा धरलेला आहे, दोघांच्या कपाळाला बाशिंगे आहेत, आणि मुहूर्ताला दोघे पडद्यावरून हात नेऊन एकमेकांच्या डोक्यावर जिरे-गूळ ठेवतात. त्या चार-पाच सेकंदांत नवरीचा एक डोळा नवऱ्याच्या मनगटाआड असतो, दुसरा बाशिंगाच्या सावलीत असतो, मागून मामाचा चेहरा पुढे आलेला असतो, आणि भटजी नेमके तुमच्या बाजूला झुकलेले असतात. ए७-३ मध्ये २०१९ च्या फर्मवेअर ३.० नंतर डोळा ओळखून सतत त्याच्यावर फोकस धरण्याची सोय आली आणि ती एरवी उत्तम चालते, पण असा गोंधळ झाला की तो अधूनमधून भटजींच्या चेहऱ्यावर उडी मारतो आणि मला जॉयस्टिकने त्याला ओढून परत आणावे लागते. आर८ एकदा धरलेले माणूस सहसा सोडत नाही. डोळा झाकला गेला तर चेहऱ्यावर, चेहरा झाकला गेला तर डोक्यावर टिकून राहतो आणि डोळा दिसताच परत त्यावर येतो. भाच्याच्या कार्डावर अशा क्षणाचे दहातले नऊ फोटो नेमके असतात, माझ्या कार्डावर सात. माझ्या सातमध्ये माझी वीस वर्षांची सवय धरलेली आहे, हेही लक्षात घ्या. अंधारातही हाच कल दिसतो. कॅनन आर८ साठी उणे ६.५ ईव्हीपर्यंत (ईव्ही हे उजेडाचे माप, उणे आकडा जितका मोठा तितका अंधार जास्त) फोकस सांगते आणि सोनी ए७-३ साठी उणे ३ ईव्हीपर्यंत. दोन्ही आकडे वेगवेगळ्या छिद्राच्या लेन्सवर मोजलेले असल्याने ते तसेच्या तसे समोरासमोर ठेवता येत नाहीत, पण वरातीत गॅसबत्त्या मागे पडल्यावर फरक जाणवतो.

जॉयस्टिकचा उल्लेख आला म्हणून सांगतो, ती आर८ ला नाही. व्ह्यूफाइंडरला डोळा लावलेला असताना फोकसचा ठिपका अंगठ्याने हलवायची ज्याला सवय आहे, त्याला पहिला महिना हात बांधल्यासारखे होते. ८०डी लाही जॉयस्टिक नव्हती, त्यामुळे तुम्हाला ती आठवणार नाही.

आता स्थिरीकरण. ए७-३ च्या बॉडीतच पाच अक्षांचे स्थिरीकरण आहे, आर८ मध्ये नाही. ते लेन्सवर सोडलेले आहे. दुकानदार या एका मुद्द्यावर सोनी गळ्यात घालतो. मला तो मुद्दा लग्नाच्या फोटोंपुरता तितका मोठा वाटत नाही, कारण स्थिरीकरण तुमच्या हाताचा कंप घालवते, समोरच्या माणसाची हालचाल नाही. अक्षता पडताना, हार घालताना, पाया पडताना तुम्हाला शटर १/१२५ च्या खाली नेताच येत नाही, आणि १/१२५ ला ५० मिमीची लेन्स हातात स्थिर राहतेच. ८५ ला थोडे जपावे लागते. स्थिरीकरण कामाला येते ते रिकाम्या मांडवाची सजावट टिपताना, सिद्धेश्वर मंदिरात संध्याकाळी जोडप्याला उभे करून तळ्यातल्या दिव्यांसकट १/१५ ला फोटो काढताना, आणि सर्वांत जास्त म्हणजे हातात धरून व्हिडिओ काढताना. तुमच्या ५० आणि ८५ या दोन्ही लेन्समध्ये स्थिरीकरण नाही, त्यामुळे आर८ वर त्या लावून चालत चालत रील काढाल तर ते हलेल. आर८ मध्ये व्हिडिओपुरते डिजिटल स्थिरीकरण आहे, पण ते कडा कापून घेते. रील हे तुमच्या धंद्याचे मोठे अंग असेल तर एक छोटा गिंबल (कॅमेरा स्थिर धरणारा हातातला दांडा) किंवा स्थिरीकरण असलेली एक लेन्स हिशेबात धरा.

यानंतरच्या मुद्द्यावर मी जरा रेंगाळणार आहे. ए७-३ मध्ये कार्डाचे दोन स्लॉट आहेत, आर८ मध्ये एकच. दोन स्लॉट म्हणजे प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर लिहून ठेवता येतो. २०१६ साली, माझ्या बॅगेत एका स्लॉटचा कॅमेरा होता तेव्हाची गोष्ट आहे. अक्कलकोटच्या बाजूला एका लग्नात अंतरपाट दूर झाला, मंगलाष्टके संपली, मी जेवणाच्या पंगतीकडे वळलो आणि कॅमेऱ्याने कार्ड वाचता येत नसल्याचे सांगितले. रात्रभर बसून फाइली परत मिळवणाऱ्या सॉफ्टवेअरने बरेच काही काढले, पण अंतरपाट दूर होण्याच्या आसपासचे चाळीस-एक फोटो गेले ते गेलेच. व्हिडिओवाल्याच्या चित्रफितीतून दोन फ्रेम काढून मी अल्बमात लहान आकारात बसवल्या. अल्बम न्यायला आलेले वधूपिता ते पान उलटून परत मागे आले, थोडा वेळ पाहत राहिले आणि एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी भांडण केले असते तर बरे झाले असते. तेव्हापासून दोन स्लॉटशिवाय कॅमेरा घ्यायचा नाही, असे मी ठरवले, आणि ए७-३ घेण्यामागे ते एक मोठे कारण होते.

पण दुसरी बाजूही घडलेली आहे. नंतर तीनच वर्षांनी पंढरपूर रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात सकाळी साखरपुड्यालाच माझ्या मुख्य बॉडीचे शटर अडकले. दोन स्लॉट होते, दोन्ही कार्डे धडधाकट होती, आणि कॅमेरा मात्र दगड झाला होता. बॅगेत जुनी दुसरी बॉडी होती म्हणून तो दिवस निभावला. ती बॉडी नसती तर सकाळी नऊपासून रात्री वरातीपर्यंतचे सगळेच गेले असते. कार्ड खराब होण्याचे नुकसान शिस्तीने मर्यादेत ठेवता येते: १२८ किंवा २५६ जीबीच्या एका मोठ्या कार्डावर अख्खे लग्न न टिपता ३२ जीबीची कार्डे घ्यायची, हळद झाली की कार्ड बदलायचे, मुहूर्ताआधी कार्ड बदलायचे, मुहूर्त झाला की लगेच पुन्हा बदलायचे, आणि भरलेले कार्ड शर्टाच्या आतल्या खिशात ठेवायचे. एक रॉ फाइल सुमारे २५ ते ३० एमबीची धरली तर ३२ जीबीत हजारच्या आसपास फोटो मावतात आणि एका विधीला ते पुरतात. बंद पडलेल्या बॉडीवर मात्र अशी कोणतीही शिस्त चालत नाही. तिथे दुसरी बॉडीच लागते. म्हणून एका बाजूला दोन स्लॉटांची एकच बॉडी आणि दुसऱ्या बाजूला एकेका स्लॉटच्या दोन बॉडी, असा प्रसंग आला तर मी आज दोन बॉडी घेईन.

हे तुमच्या बाबतीत इतके महत्त्वाचे का, ते लेन्सकडे पाहिले की कळते. तुमची ५० आणि ८५ या कॅननच्या जुन्या ईएफ माउंटच्या (माउंट म्हणजे लेन्स बॉडीला जोडण्याची खाच) लेन्स आहेत, आणि आर८ चा माउंट आरएफ आहे. ईएफ ते आरएफ अॅडॉप्टर लावला की त्या आर८ वर पूर्ण ऑटोफोकससह चालतात, आणि माझ्या पाहण्यात ८०डी पेक्षा आर८ वर जास्त नेमक्या चालतात, कारण फोकस थेट सेन्सरवर होतो आणि डोळा ओळखला जातो. ८०डी चा सेन्सर लहान असल्याने त्यावर ५० ही ८० मिमीसारखी आणि ८५ ही १३६ मिमीसारखी दिसते. आर८ वर त्या आपल्या खऱ्या रूपात येतात. म्हणजे आर८ वर ५० आणि ८०डी वर ८५ लावून दोन्ही बॉडी दोन खांद्यांवर अडकवल्या, की मांडवाच्या कडेला उभे राहून जवळचे आणि लांबचे असे दोन्ही लेन्स न बदलता टिपता येते. आर८ बंद पडला तर त्याच लेन्स अॅडॉप्टर काढून ८०डी वर चढतात. तुम्ही सोनीकडे गेलात तर या दोन लेन्स आणि ८०डी हे एक घर आणि सोनी हे दुसरे घर होते. तेव्हा बहुतेक जण जुने घर विकून टाकतात आणि एका बॉडीवर उभे राहतात.

एका गोष्टीत फसू नका. तुमची १८-१३५ ही लहान सेन्सरसाठीची लेन्स आहे. ती आर८ वर चढते आणि फोटोही येतो, पण कॅमेरा आपोआप मधला भाग तेवढा वापरतो आणि २४ ऐवजी सुमारे ९ मेगापिक्सेलचा फोटो हाती येतो. तुमच्या ८०डी च्या बॅटऱ्याही आर८ ला लागत नाहीत. ८०डी ची बॅटरी एलपी-ई६ घराण्यातली आहे, आर८ ची एलपी-ई१७ ही लहान बॅटरी आहे. ८०डी च्या बॅटऱ्या लागतात त्या आर६ मार्क २ ला. त्याला आर८ चाच सेन्सर आहे, शिवाय दोन स्लॉट आणि बॉडीतले स्थिरीकरण आहे. नवा घेतला तर तो तुमच्या दोन लाखांत लेन्ससकट बसणार नाही, पण ओळखीच्या माणसाकडून वापरलेला आणि बिलासकट मिळाला तर हा सगळा वाद तिथेच मिटतो.

बॅटरीत सोनी सरळ जिंकतो. प्रमाणित चाचणीत पडद्यावर पाहून काढलेले फोटो ए७-३ चे ७१०, आर८ चे २९० येतात. प्रत्यक्ष लग्नात एकामागून एक फोटो काढताना दोन्हींचे आकडे वाढतात, पण प्रमाण तेच राहते: मी दिवसाला दोन बॅटऱ्यांत भागवतो, भाच्याला चार लागतात आणि पाचवी तो धाकाने ठेवतो. नकली बॅटऱ्या घेऊन पैसे वाचवू नका; एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४२-४३ ला गेलेला असतो, मंगल कार्यालयाचे पत्रे तापलेले असतात, आणि अशा वेळी त्या फुगून स्लॉटमध्ये अडकलेल्या मी पाहिल्या आहेत.

नव्या लेन्सचा विचार केला तर सोनीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. सोनीच्या माउंटसाठी टॅमरॉन आणि सिग्मा या दोन्ही कंपन्यांच्या एफ २.८ च्या झूम लेन्स मिळतात. टॅमरॉनची २८-७५ हे लग्नवाल्यांचे निम्मे आयुष्य आहे, आणि ती जुन्या बाजारातही सहज फिरते. कॅननच्या आरएफ माउंटमध्ये टॅमरॉन-सिग्माच्या लेन्स २०२४ पासून येऊ लागल्या, पण त्या लहान सेन्सरसाठीच्या. फुल फ्रेमसाठी कॅननची स्वतःची २८-७० एफ २.८ आयएस ही हलकी लेन्स २०२४ मध्ये आली, तिच्यात स्थिरीकरणही आहे आणि आर८ वर ती शोभते, मात्र ती टॅमरॉनच्या भावात येत नाही. तुमच्यासाठी मधला मार्ग असा की ईएफ माउंटमधली वापरलेली २४-१०५ एफ ४ किंवा २४-७० एफ २.८ शोधावी, कारण मिररलेसकडे वळलेले अनेक जण त्या काढून टाकत आहेत आणि ती तुमच्या दोन्ही बॉडींवर चालेल. दुसऱ्या कंपनीची जुनी ईएफ लेन्स असेल तर पैसे देण्याआधी अॅडॉप्टरसह आर८ वर लावून फोकस पाहा.

उजेडाबद्दल थोडे. आता प्रत्येक मंगल कार्यालयात नवरा-नवरीच्या मागे एलईडीची भिंत असते. आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने साध्या दिव्यांचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो, त्यामुळे १/५० किंवा १/१०० या शटरवर पट्टे सहसा येत नाहीत. एलईडी भिंतींची तऱ्हा त्याहून निराळी असते आणि तिथे आधी दोन फोटो काढून मोठे करून पाहावे लागतात. आर८ सेकंदाला ४० फोटो काढतो, ही जाहिरात वाचून हुरळू नका. तो वेग इलेक्ट्रॉनिक शटरचा आहे, त्या शटरवर एलईडीसमोर हमखास पट्टे येतात आणि फ्लॅश पेटतच नाही. तलंब्रालूच्या वेळी नवरा-नवरी एकमेकांच्या डोक्यावर तांदूळ ओततात तेव्हा ४० चा मोह होतो. भाच्याने एकदा तो केला, आणि तांदूळ हवेत सुरेख थांबले होते, पण प्रत्येक फोटोत नवरीच्या शालूवर आडवे करडे पट्टे होते. एरवीच्या शटरवर आर८ सेकंदाला ६ आणि ए७-३ सेकंदाला १० फोटो काढतो. फ्लॅश लावल्यावर दोघांचाही वेग फ्लॅशच्या दमावरच ठरतो. फ्लॅश आणि त्याचा ट्रिगर कंपनीप्रमाणे वेगळा लागतो. तुमच्याकडचा कॅननचा असेल तर सोनीवर त्याचा स्वयंचलित उजेड चालणार नाही, आणि तो खर्च लोक नेमका विसरतात.

व्हिडिओत आर८ नवा आहे हे लपत नाही. सेन्सरची पूर्ण रुंदी वापरून ४के मध्ये सेकंदाला ५० किंवा ६० फ्रेम, १०-बिट रंग, आणि बाजूला उघडून हवा तसा फिरणारा पडदा हे सगळे त्यात आहे. ए७-३ चा ४के २५ किंवा ३० फ्रेमपर्यंत आणि ८-बिट आहे, आणि पडदा वर-खाली तेवढा कलतो. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेत संमती कट्ट्याजवळ अक्षता सोहळ्याच्या गर्दीत कॅमेरा दोन्ही हातांनी डोक्यावर धरून उभे रील काढायचे असेल, तर सोनीचा पडदा तुम्हाला काही दाखवत नाही, कारण उभ्या कॅमेऱ्यात तो कलतो ती दिशाच वेगळी होते. आर८ ला एक उणेपणा आहे तो उष्णतेचा. ४के ६० वर तो साधारण अर्ध्या तासाने तापतो, असे कॅननच सांगते, आणि मे महिन्यात उघड्या मांडवात तो त्याआधीच इशारा देतो. रीलच्या छोट्या तुकड्यांना ते आड येत नाही. पूर्ण लग्नविधीची सलग चित्रफीत काढणाऱ्याने मात्र आर८ त्या कामाला लावू नये. ए७-३ वरही सलग चित्रीकरण अर्ध्या तासाच्या आतच थांबते, पण ते ठरलेल्या मर्यादेमुळे थांबते आणि लगेच परत सुरू करता येते.

तर माझा कौल असा आहे. तुम्ही ८०डी आणि दोन्ही लेन्स ठेवणार असाल, तर आर८ घ्या, त्याबरोबर अॅडॉप्टर घ्या, आणि दोन लाखांतला किमान तिसरा हिस्सा झूम लेन्स, चार बॅटऱ्या आणि कार्डे यांच्यासाठी आधीच बाजूला काढून ठेवा. मी स्वतः सोनीवर काम करत असूनही तुम्हाला हे सांगतो आहे, कारण तुमच्या बॅगेत आधीच अर्धे कॅनन आहे आणि त्यातून तुम्हाला दोन बॉडींचे काम उभे राहते. कोऱ्या हातांनी सुरुवात करणाऱ्या मुलाने मला हेच विचारले असते, तर मी ए७-३ आणि टॅमरॉनची २८-७५ सांगितली असती. आणि ८०डी विकल्याशिवाय पैसे जमतच नसतील, शिवाय ऑर्डरला तुम्ही एकटेच जाणार असाल, तर एकाच बॉडीवर उभे राहण्यासाठी दोन स्लॉटांचा ए७-३ मला जास्त भरवशाचा वाटतो.

दुकानात गेल्यावर पडद्यावरच्या चित्रांवर वेळ घालवू नका. आपली ८५ आणि आपला फ्लॅश घेऊन जा, ते आर८ वर चढवा आणि पंधरा मिनिटे हातात धरून दुकानात फिरा. आर८ बॅटरी-कार्डासह ४६१ ग्रॅमचा आणि ए७-३ ६५० ग्रॅमचा. हलका कॅमेरा ऐकायला बरा वाटतो, पण वर फ्लॅश आणि पुढे अॅडॉप्टरसह लेन्स आली की तोल पुढे जातो आणि करंगळी बॉडीखाली लोंबकळते. तुमचा पंजा मोठा असेल तर ईजी-ई१ ही खालून लावायची छोटी पकड घ्या, भाच्याने दुसऱ्याच आठवड्यात घेतली. ए७-३ वापरलेला पाहत असाल तर त्याने काढलेला एक ताजा मूळ फोटो मागून घ्या, त्याच्या माहितीतून शटरचा आकडा निघतो; सोनी हे शटर सुमारे दोन लाख फोटोंसाठी तपासलेले असल्याचे सांगते, आणि लग्नवाल्याच्या हातचा कॅमेरा दोन-तीन सीझनमध्ये त्याच्या निम्म्यापर्यंत पोहोचतो. दोन्ही स्लॉटमध्ये कार्ड घालून पाहा. जीएसटीच्या बिलाशिवाय काहीही घेऊ नका, कारण बिघाड झाला तर माझा कॅमेरा पुण्यालाच जातो आणि बिल नसेल तर तिथे वॉरंटीचे बोलणे सुरूच होत नाही.

दिवाळीच्या ऑफरबद्दल. दिवाळीत घेतलात तर तुळशीच्या लग्नापर्यंत हातात दहा-बारा दिवस राहतात आणि त्यातले निम्मे फराळात जातात. मी दसऱ्याला घेईन. ऑफर तेव्हाही असतात. दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी कोजागरी येते आणि त्या आधीच्या रात्री सोलापुरातून तुळजापूरकडे चालत जाणाऱ्या माणसांनी रूपाभवानी मंदिराकडचा रस्ता भरून वाहतो. अंधार, मध्येच चहाच्या स्टॉलचा पांढरा बल्ब, समोरून अंगावर येणारे आणि एका जागी न थांबणारे चेहरे, असे सगळे तिथे एका ठिकाणी मिळते. आर८ वर ५० आणि ८०डी वर ८५ लावून रात्री नऊ ते बारा तिथे उभे राहा, दर तासाला कार्ड बदला, अंधारात न पाहता बॅटरी बदला, आणि सकाळी फोटो मोठे करून किती चेहरे नेमके आहेत ते मोजा. आकडा पसंत पडला नाही, तर पहिल्या ऑर्डरला अजून सुमारे चार आठवडे असतील.